चांदीचं भांडं, साधी पेन्सिल



'सर, मराठी विभागासाठी काहीतरी लिहून द्या,' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी तुमच्याच शीट्स तपासत बसलो होतो. समोर साठ-सत्तर शीट्सचा गठ्ठा आणि त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी! काचेखाली ट्यूबलाइट लावून 'जीटी' मारली की सरांना कळत नाही, असं तुम्हाला दरवर्षी वाटतं. कळतं हो. पहिल्याची चुकलेली डायमेन्शन लाइन बाकीच्या अकरा जणांच्या शीटवर त्याच जागी चुकलेली असते.

तेव्हाच ठरवलं की लिहायचं ते ड्रॉइंगवरच, पण मार्कांसाठी काढायच्या ड्रॉइंगवर नाही. घरात जुनी चांदीची वस्तू असते ना, देव्हाऱ्यातलं निरांजन, कुंकवाचा करंडा, गुलाबदाणी, तांब्या, ती साध्या पेन्सिलने कागदावर कशी उतरवायची, याचा हा छोटासा धडा आहे. 'आम्हाला त्याचा काय उपयोग?' हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याचं उत्तर देण्यासाठी आधी एक घरची गोष्ट सांगतो.

एक तांब्या विकला त्याची गोष्ट

माझं बालपण बोईसरला गेलं. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. आजी मात्र चिंचणीच्या जुन्या घरातच राहायची. २००२ साली वडिलांची कंपनी बंद पडली आणि पुढच्याच वर्षी मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आनंद झाला, पण फी भरायची कशातून?

आजीने ट्रंक उघडली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला चांदीचा तांब्या बाहेर काढला. गणपतीला आणि घरातल्या लग्नकार्यालाच तो बाहेर यायचा. बुडाला ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत पणजीचं नाव घातलेलं होतं आणि खाली 'शके १८६२', म्हणजे १९४० चं साल. आई काहीतरी बोलायला लागली, तर आजी म्हणाली, "भांडं ट्रंकेत ठेवायचं आणि पोराला घरी बसवायचं, असं करायचं का?" विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे जायचं होतं. मी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्राचा हात बरा होता. त्या दुपारी तांब्या पाटावर ठेवला, एक टू-बी पेन्सिल घेतली आणि तो काढायला बसलो. तीन तास लागले. आजी खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. एकदा उठून बघून गेली आणि म्हणाली, "काळा किती केलायस रे!"

दुसऱ्या दिवशी तांब्या गेला. पावती मिळाली. तिच्यावर वजन होतं ३१२ ग्रॅम. सराफाने तो मोडीत घेतला, म्हणजे पुढे तो वितळला असणार. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सियसला वितळते आणि त्यानंतर ती तांब्याही नसते आणि पणजीचीही नसते.

हे आमच्याच घरात घडलं असं नाही. आजारपण, शिक्षण, शेतीचं नुकसान, काहीही निघालं की घरातली चांदीच आधी बाहेर पडते. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला लाखाच्या बराच वर गेला. भाव असा चढला की ट्रंका उघडायचा मोह आणखी वाढतो. विकण्यात काही चूक नाही, अडीअडचणीसाठीच तर आजी-पणजीने ती जपलेली असते. पण वस्तू जाण्याआधी तिचा आकार कागदावर ठेवता येतो, आणि ते काम तुमच्या-माझ्यासारख्या ड्रॉइंग शिकलेल्या माणसाचं आहे.

'मोबाइलवर फोटो काढला की झालं की!' असं कोणीतरी म्हणेलच. काढून बघा एकदा. चकचकीत भांड्याच्या फोटोत मधोमध पांढरा भगभगीत डाग येतो आणि त्याच्या शेजारी हातात मोबाइल धरलेले तुम्ही स्वतः! शिवाय फोटो काढायला एक सेकंद लागतो, चित्राला तीन तास. त्या तीन तासांत भांडं जेवढं नीट पाहिलं जातं, तेवढं आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं.

चांदी दिसते म्हणजे काय दिसतं?

मातीचं मडकं काढणं सोपं असतं. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सावली आणि मध्ये हळूहळू गडद होत जाणारी छटा. चांदीला हा नियम लावला की चित्रात भांडं चांदीचं न दिसता सिमेंटचं दिसतं. नव्वद टक्के मुलं इथेच फसतात.

कारण फिजिक्सचं आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात सगळ्या धातूंमध्ये चांदी सर्वात जास्त प्रकाश परत फेकते, साधारण ९५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे घासलेलं चांदीचं भांडं हा एक वाकडा आरसाच आहे. त्याच्यात आपल्याला चांदी दिसतच नाही, दिसते ती समोरची खोली: खिडकी, भिंत, दार, जमीन. तेव्हा तुम्हाला भांड्यावर पडलेली ही खोली काढायची आहे. आकाराच्या कडा बरोबर असतील आणि आत खोली बरोबर पडली असेल, तर बघणाऱ्याला ते भांडं आपोआप चांदीचं वाटतं.

आरशाचा धडा तुम्ही आधी केलेला आहे, तो इथे कामाला येतो.

तांब्याचं पोट म्हणजे बहिर्वक्र आरसा. त्यात अख्खी खोली सुलटी पण अगदी लहान होऊन बसते. चमच्याची किंवा पळीची आतली बाजू म्हणजे अंतर्वक्र आरसा, त्यात खिडकी उलटी दिसते. पेल्यासारख्या सरळ उभ्या भांड्यात प्रतिबिंब आडवं दबतं, पण उंचीला तेवढंच राहतं, म्हणून सगळं उभ्या पट्ट्या-पट्ट्यांसारखं दिसतं. आणि गळ्याशी, जिथे भांडं आत वळून पुन्हा बाहेर येतं, तिथे काळ्या-पांढऱ्या रेषा एकमेकींना चिकटून येतात. चांदीची चांदी तिथेच कळते. एकदम पांढऱ्याच्या शेजारी एकदम काळं, मध्ये काही नाही. आजीला जे 'काळं किती केलंय' वाटलं, ते याचमुळे.

जुन्या चांदीचा काळेपणा

नवी चांदी आणि जुनी चांदी यात फरक असतो. जुन्या भांड्यावर हजारो बारीक ओरखडे असतात, त्यामुळे प्रतिबिंबाच्या कडा थोड्या मऊ होतात. आणि नक्षीच्या खाचांत काळं साठलेलं असतं.

हे काळं म्हणजे गंज नाही. तो सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडशी, चांदीची क्रिया होऊन हा थर बसतो. या वायूचं प्रमाण हवेत अगदी नगण्य असलं तरी पुरतं, आणि दमट हवेत काम लवकर होतं. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो याच वायूचा. आपल्याकडे समुद्र, खाडी, दमट हवा आणि वर एमआयडीसी. चांदी काळी पडायला आणखी काय पाहिजे!

म्हणून एक सूचना: चित्र काढण्याआधी भांडं घासू नका. फार तर मऊ फडक्याने धूळ पुसा. खाचांतल्या काळ्यामुळेच नक्षी उठून दिसते. अॅल्युमिनियमच्या कागदावर भांडं ठेवून गरम पाणी आणि सोडा घालण्याची युक्ती आता घरोघरी पोचली आहे. केमिस्ट्रीच्या दृष्टीने ती झकास आहे. अॅल्युमिनियम गंधक घेतं आणि चांदी परत मिळते. पण त्यात खाचांतलं काळंही जातं आणि नक्षी सपाट दिसायला लागते. दंतमंजनाने खसाखसा घासलं तर प्रत्येक वेळी थोडी चांदीच निघून जाते. ऐंशी वर्षांत बुडावरची नावं पुसट होतात ती अशी.

पेन्सिल आणि कागद

पेन्सिलीत शिसं नसतं हे तुम्हाला माहीत असेल. असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते याने या दोघांचं मिश्रण भट्टीत भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कडक आणि फिकट, म्हणजे 'एच'ची बाजू. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, म्हणजे 'बी'ची बाजू. आपल्या शीटला टू-एच का आणि चित्राला फोर-बी का, याचं उत्तर एवढंच.

पेन्सिलसाठी तर आपल्याला लांब जायलाही नको. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या आणि २०११ पासून जपानच्या कोकुयो कंपनीकडे असलेल्या कॅम्लिनचा कारखाना आपल्याच तारापूर एमआयडीसीत आहे.

गंमत अशी की ग्राफाइटला स्वतःलाच करड्या धातूसारखी चमक असते, त्यामुळे चांदीसाठी पेन्सिल हे साधन रंगांपेक्षाही जवळचं आहे. पेन्सिल येण्याआधी तर युरोपातले चित्रकार लेप दिलेल्या कागदावर चक्क चांदीच्या तारेने चित्रं काढायचे. जर्मनीच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, स्वतःचं चित्र असंच चांदीच्या रेघेने काढलं. ते आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्याचे वडील सोनार होते आणि तो आधी त्यांच्याच हाताखाली शिकला होता. काढताना ती रेघ करडी असते, नंतर हवेने हळूहळू तपकिरी होते. आपल्या भांड्यांना काळं करणारी क्रिया तिथे चित्रकाराच्या कामी आली.

तुम्हाला एवढंच पुरे: टू-एच, एचबी, टू-बी, सिक्स-बी, एक चांगला खोडरबर, आणि जाडसर कार्ट्रिज कागद. ईडीची शीटही चालते, पण फार गुळगुळीत असल्याने तिच्यावर सिक्स-बी नीट धरत नाही.

आता प्रत्यक्ष काढू या

१. मांडणी. भांडं टेबलावर ठेवा, नजरेच्या थोडं खाली. उजेड एकाच बाजूचा हवा, शक्यतो खिडकीचा. वरची ट्यूब बंद करा. एका बाजूला पांढरा कागद उभा करा आणि दुसऱ्या बाजूला काळं कापड किंवा बंद केलेली छत्री. भांड्यात लगेच एक पांढरा आणि एक काळा पट्टा येईल. खोली फार पसरलेली असेल तर नवशिक्याचा गोंधळ होतो, म्हणून आधी ही दोनच प्रतिबिंबं काढा.

२. अक्ष. कागदावर टू-एचने हलकी उभी रेघ मारा. चाकावर किंवा ठोकून केलेलं जवळजवळ प्रत्येक गोल भांडं या अक्षाभोवती फिरवलेलं असतं. हात लांब करून, पेन्सिल उभी-आडवी धरून उंची आणि रुंदीचं प्रमाण घ्या. तोंड, गळा, पोट, बूड यांच्या जागा अक्षावर खुणेने दाखवा.

३. लंबवर्तुळं. प्रत्येक खुणेवर इलिप्स काढा. त्याचा लहान अक्ष भांड्याच्या अक्षावरच आला पाहिजे. नजरेच्या पातळीवरचा इलिप्स सरळ रेघ दिसतो आणि जितकं खाली जाल तितका तो फुगत जातो. म्हणजे बुडाचा इलिप्स तोंडाच्या इलिप्सपेक्षा जास्त गोल असतो. मुलं तोंड गोल काढतात आणि बूड सरळ पट्टीने आखतात. ते भांडं मग टेबलात घुसल्यासारखं दिसतं. आणि इलिप्सची टोकं बदामासारखी अणकुचीदार करू नका, ती नेहमी वळतात.

४. कडा. डावी कड काढा. पातळ कागदावर छापून, उलटवून ती उजवीकडे घ्या. ही एकच जीटी मला मान्य आहे! मग मूळ भांड्याकडे बघून पोचे आणि वाकलेली कड दुरुस्त करा. जुनं भांडं कधीच पूर्ण समतोल नसतं. तो पोचा म्हणजे त्याची ओळख आहे, तो काढून टाकू नका.

५. नकाशा. छटा द्यायच्या आधी, भांड्यात दिसणाऱ्या काळ्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमा टू-एचने आखून घ्या. डोळे अर्धवट मिटून पाहिलं की त्या सीमा स्पष्ट दिसतात.

६. सर्वात काळं आधी. सिक्स-बीने सर्वात गडद भाग भरा. जोर देऊ नका, थरावर थर द्या. जोर दिला की ग्राफाइट घोटलं जाऊन चकाकतं आणि काळं न दिसता करडं दिसतं. मग मधल्या छटा टू-बी आणि एचबीने. सर्वात पांढरं म्हणजे कोरा कागद, तिथे पेन्सिल लावायचीच नाही. कागदापेक्षा पांढरं तुमच्याकडे काही नाही, तेव्हा तो जपा.

७. नक्षी. जुन्या भांड्यावरची उठावाची नक्षी राळेच्या आधारावर पत्रा ठोकून उठवलेली असते. तिचं प्रत्येक पान मोजून काढू नका. मधल्या भागात दोन-चार पानं नीट काढा. कडेकडे पानं दबत, चिकटत जातात, तिथे नुसते काळे-पांढरे ठिपके पुरतात. खाचेतलं काळं आणि वरच्या उंचवट्यावरची चमक एवढ्यावर नक्षी उभी राहते.

८. सावली. भांड्याखालची सावली बुडाशी सर्वात गडद आणि दूर जाताना फिकट. टेबलावर भांड्यातून परत आलेला उजेडाचा एखादा कवडसा दिसला तर तो नक्की ठेवा.

आणि घरी चांदी नसेल तर?

नसतेच पुष्कळांकडे. आपल्याच वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरी पितळेचा हंडा हीच मोठी मालमत्ता. त्यात कमीपणा काही नाही. पितळेचा तांब्याही याच पद्धतीने काढतात, आणि मोडीत तोही जातोच.

सराव तर सगळ्यांनी हॉस्टेलच्या मेसमधल्या स्टीलच्या ग्लासावरच करावा. स्टील चांदीपेक्षा कमी प्रकाश परत फेकतं, त्यामुळे सगळं थोडं करडं दिसतं, पण पट्टे तेच, इलिप्स तेच, पोचे तर भरपूर! रोज जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं एक ग्लास काढा. महिन्याभरात हात बसेल. फक्त ग्लास रूमवर नेऊ नका. मेसमधल्या काका-मावशींचा ओरडा मग तुम्हीच खायचा.

आपल्या परिसरात काय काढाल?

सुरुवात फुलपात्रापासून करा, मग तांब्या, मग निरांजन आणि करंडा. गुलाबदाणी शेवटी, कारण तिचा लांब गळा आणि वरची भोकांची बोंडी नवशिक्याला रडवते.

डहाणू-तारापूर भागातल्या जुन्या पारशी घरांमध्ये लग्नाला आणि नवजोतीला मांडायचं चांदीचं ताट असतं, त्याला 'सेस' म्हणतात. त्यात गुलाबदाणी, साखर ठेवायचा शंकूसारखा 'सोपारो', कुंकवाची 'पिगानी' अशा वस्तू असतात. कोन, गोल आणि दंडगोल एकाच ताटात! तारापूरच्या पारशांचा चांदीशी संबंध आणखी एका वाटेने येतो. इथल्या विकाजी मेहेरजींनी १८२० च्या सुमारास तारापुरात अग्यारी बांधली. हे घराणं पुढे निजामाच्या राज्यात मोठे सावकार झालं, आणि त्यांचे भाऊ पेस्तनजी यांच्यावरून तेव्हाच्या औरंगाबादच्या टांकसाळीतले चांदीचे रुपये 'पेस्तनशाही' म्हणून ओळखले गेले.

चिंचणी-वाणगाव-वरोर पट्ट्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. ओळख काढून एखाद्याचं काम जरूर बघा. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची, त्यावर पत्रा ठेवून दाब दिला की ती सुलटी उठून येते. हा माणूस सबंध दिवस डोक्यात मिरर इमेज घेऊन बसलेला असतो, आणि आपण मात्र थर्ड अँगलमध्ये डावं-उजवं चुकतो!

गोष्टीचा उरलेला भाग

आता आमच्या तांब्याकडे परत येतो. आजी २०११ मध्ये गेली. मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. २०१५ मध्ये मनात आलं की तसाच तांब्या पुन्हा घडवून घ्यावा आणि आईला द्यावा. चित्र फ्रेममधून काढलं आणि नाशिकला गेलो. चांदीच्या भांड्यांसाठी नाशिकचं नाव आहेच. सराफ बाजारातल्या एका जुन्या कारागिराने चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, "छान काढलंय" म्हणाला आणि विचारलं, "माप?"

माझ्याकडे माप नव्हतं. मी, जो तुमची शीट एका डायमेन्शनसाठी परत पाठवतो, त्याने आयुष्यातल्या सर्वात महत्त्वाच्या ड्रॉइंगवर एकही डायमेन्शन टाकली नव्हती.

"वजन आहे," मी म्हटलं. पावती जपून ठेवली होती. तो हसला. "वजनात काय, जाड पत्र्याचा लहान करू की पातळ पत्र्याचा मोठा?"

रात्री लॉजवर बसून मी गणित मांडलं. वजन बरोबर घनता गुणिले पृष्ठफळ गुणिले जाडी. जुन्या भांड्याच्या चांदीची घनता घनसेंटीमीटरला १०.३ ग्रॅम धरली. पत्रा ०.६ मिलिमीटरचा असेल तर ३१२ ग्रॅममध्ये सुमारे ५०५ चौरस सेंटीमीटर पृष्ठफळ. ०.८ चा असेल तर फक्त ३७९. आकाराचं प्रमाण चित्रात होतंच. ते लावलं तर पहिल्या हिशेबाने उंची साडेबारा सेंटीमीटर आणि दुसऱ्याने अकरापेक्षाही कमी. अडलं होतं ते एका आकड्यावर. त्या दुपारी काठाची जाडी एकदा व्हर्नियरने मोजली असती, किंवा तांब्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढलं असतं, तर प्रश्न सुटला असता.

अंदाजाने तांब्या करून घेतला. आईने हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "चांगला आहे रे. पण हा तो नाही. तो माझ्या पंजात बसायचा."

मग तिने चित्र मागितलं. चष्मा लावून बघत बसली आणि तांब्याच्या पोटावर बोट ठेवलं. "ही बघ."

मी बारा वर्षं ते चित्र भिंतीवर बघत होतो, पण मला ते दिसलं नव्हतं. तांब्याच्या पोटात खिडकीचा पांढरा चौकोन होता, गजांसकट. त्याच्या खाली एक गडद डाग. आडवा, थोडा वाकलेला. त्याच्यासमोर एक फिकट लंबगोल. खिडकीशी बसलेली आजी आणि तिच्यापुढचं तांदळाचं सूप. मी आजीचं चित्र काढायला बसलोच नव्हतो. मी फक्त जिथे काळं दिसलं तिथे काळं केलं होतं.

म्हणून दोन शीट्स

तेव्हा माझी विनंती अशी की प्रत्येक वस्तूच्या दोन शीट्स करा.

पहिली मापाची. पुराणवस्तू अभ्यासणारे लोक खापरं आणि भांडी जशी काढतात तशी: मधोमध अक्ष, एका बाजूला सेक्शन, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे विद्यार्थी हेच शिकतात. आपल्या भाषेत हाफ सेक्शनल व्ह्यू. उंची, तोंडाचा, गळ्याचा, पोटाचा आणि बुडाचा व्यास, काठाची जाडी व्हर्नियरने. वजन ग्रॅममध्ये. आजी तोळ्यात सांगत असेल तर तेही लिहा, तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. पाणी भरून मापाने किती मावतं तेही बघा. बुडाचं वेगळं चित्र काढा आणि त्यावर घातलेलं नाव, साल, अक्षरांच्या वळणासकट उतरवून घ्या. कोपऱ्यात टायटल ब्लॉक: वस्तू कोणाची, कोणी दिली, कोणत्या प्रसंगाची, आणि तुम्ही काढली ती तारीख.

पाण्यात बुडवून घनता काढायचा मोहही तुम्हाला होईल. शुद्ध चांदीची १०.४९ येते. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये नावापुरतीही चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं आणि त्याची घनता साडेआठ-पावणेनऊच्या आत येते. पण पोकळ दांड्यात किंवा बुडात राळ भरलेली असेल तर हिशेब चुकतो, हे लक्षात ठेवा, आणि निष्कर्ष जेवणाच्या पंगतीत जाहीर करू नका.

दुसरी शीट वर सांगितलेली, छटांची. ती कपाटात वा हॉस्टेलच्या टेबलावर काढू नका. वस्तू घरात जिथे असते तिथेच, नेहमीच्या उजेडात, घरातली माणसं आपापली कामं करत असताना काढा. हात बसला की मग काळं कापड आणि पांढरा कागद बाजूला ठेवा आणि खोली जशी पडेल तशी पडू द्या.

सेमिस्टर संपली की सुट्टीत घरी जाल. डहाणू लोकलने जा, नाहीतर रात्रभराच्या एसटीने जळगाव-नांदेडला जा. आजीला विचारा, ट्रंकेत काय आहे. बॅगेत व्हर्नियर, टू-एच आणि सिक्स-बी टाकायला विसरू नका. परत आल्यावर दोन्ही शीट्स मला दाखवायला आणा. त्यांना मार्क नाहीत आणि सबमिशनची तारीखही नाही. पण माप टाकलेलं नसेल तर मात्र शीट परत मिळेल.